गुळावरचे थेंब

आईचं माहेरचं नाव विजया. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'वच्छला' लिहिलं आणि चकलांब्याची विजया पाटोद्याजवळच्या आमच्या गावात वच्छला म्हणून नांदायला आली. रेशन कार्डावर वच्छला, सातबाऱ्यावर वच्छला, वडील गेल्यावर त्यांच्या पेन्शनीच्या कागदांवरही वच्छलाबाई राधाकिशन. जुनं नाव एकट्या साखरा मावशीच्या तोंडी उरलं होतं. ती यायची तेव्हा अंगणातूनच हाक मारायची, "इजे, हायस का घरात?" आणि आई ज्या चपळाईनं उठायची, ती चपळाई आमच्यापैकी कुणाच्याच हाकेला नसायची.

मला ते नाव ठाऊक होतं. मी ते कधी वापरलं नव्हतं. वापरलं एकदाच, तिला फसवायला.

आईची पाठ दुखायला लागली ते सीताफळांचे दिवस होते. पोत्यातली कच्ची फळं निवडता निवडता ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "उसन भरली." महिनाभर आम्ही उसणच समजलो. नंतर संभाजीनगरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडापुढं धरून मला आणि बजरंगला दाखवले. मूत्रपिंडातला कर्करोग मणक्यात उतरला होता. यापुढचे उपचार रोगावर नाहीत, दुखण्यावर करायचे, असं त्यांनी सांगितलं. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या.

गोळीनं दुखणं कमी व्हायचं, पण आईला ती नकोशी होती. "डोकं माझं ऱ्हात न्हाई गं," ती म्हणायची. "कालवन सांडल्यावानी पसरतंय. कालच्याला सुरेखाला तुझ्या नावानं हाक मारली मी." म्हणून ती गोळी टाळायची. दुखणं अगदी गळ्याशी आलं तरच घ्यायची. तोवर खाटेची लोखंडी पट्टी मुठीत धरून बसायची. कळ येण्याआधी तिला समजायचं. "आलं बग," म्हणायची, पाहुणा दारात दिसल्यासारखं. मग डोळे मिटून घ्यायची आणि आम्ही तिघं, मी, माझा धाकटा भाऊ बजरंग आणि त्याची बायको सुरेखा, उगाच काहीतरी हातात घेऊन इकडून तिकडं जात राहायचो.

मी बीडला कॉलेजात मराठी शिकवते. रजा टाकून गावी आले होते, पण मधूनमधून कॉलेजात जावं लागायचं. तिथंच एकदा दिपालीनं, माझ्या सहकारी मैत्रिणीनं, विषय काढला.

"माझे सासरे पुण्यात सीबीडी घेतात. कंबरेसाठी. तेल असतं, थेंब थेंब घ्यायचं."

"म्हणजे गांजाच ना?"

"गांजा काय म्हणतेस? झाड तेच, पण यानं नशा चढत नाही. सीबीडी म्हण."

"फरक पडतो त्यांना?"

"ते म्हणतात पडतो. सासूबाई म्हणतात, कंबर तशीच आहे, कुरकुर कमी झाली. आम्हाला तेवढंही पुष्कळ."

शंका आली की वाचत बसायचं, ही माझी सवय. मी वाचलं. सापडलं ते फार उमेद वाढवणारं नव्हतं. काही अभ्यासांत रुग्णांना थोडा आराम पडला होता, काहींत या तेलात आणि साध्या तेलात फरक दिसला नव्हता. कर्करोगाच्या दुखण्याबद्दल तर कुणीच ठाम बोलत नव्हतं. पण वाचता वाचता एक गोष्ट कळली. आपल्याकडं हे तेल आयुर्वेदिक औषध म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं, आणि बाटलीवर झाडाचं जुनं संस्कृत नाव छापलेलं असतं. विजया.

ते वाचलं तेव्हा मला आनंद झाला. आधी कोडं सुटल्याचा, शब्दात रमणाऱ्या माणसाचा आनंद. मग लगेच, पाठोपाठ, ते नाव कसं कामाला येईल हेही दिसलं. दोन्हींमध्ये फार अंतर नव्हतं.

कारण भांग हा शब्द आमच्या घरात चालत नव्हता. आईच्या पाठचा भाऊ हनुमान, तिचा हणमा, मेंढरं घेऊन रानात जायचा. तिकडं टेकडीवर एक बाबा राहायला आला. हणमा त्याच्यापाशी बसू लागला, गांजाची चिलीम ओढू लागला, मेंढरं दुसऱ्याच्या पिकात जाऊ लागली. एक दिवस बाबा निघून गेला आणि त्याच्यामागं हणमाही. पुन्हा आला नाही. कुणी त्र्यंबकला पाहिल्याचं सांगायचं, कुणी पार उज्जैनला. आमच्या दारी गोसावी आला की आई त्याला बाजरीचं पीठ घालायची, पण आधी म्हणायची, "तोंड वर करा, महाराज." तोंड पाहायची आणि मग पीठ घालायची. पाया मात्र कधी पडली नाही. शिवरात्रीला शेजारच्या सुंदरबाईंनी देवळातून भांगेचं दूध आणलं, तेव्हा आईनं तांब्या हातात न घेता त्यांना म्हटलं होतं, "सुंदरे, हे घेऊन माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ नगंस."

बजरंगला मी खरं काय ते सांगितलं. तो ओट्यावर गाडीचा प्लग पुसत बसला होता.

"पोलीस धरत्याल का? परवाच तिकडं कुनाच्या तुरीत झाडं सापडली, पेपरात फोटो आलाय."

"चिठ्ठीवरचं औषध आहे. दुकानात मिळतं तसं."

"आनि आईला काय सांगनार?"

"तेच विचारतेय. भांग म्हटलं तर घेईल का ती?"

"घेती! बाटली आनि तू, दोघीबी उकिरड्यावर जाताल." तो हसला, मग प्लग खाली ठेवला. आतून आईचं "आलं बग" ऐकू आलं होतं. "नको सांगू, अक्का. हणमंत मामाचं निघालं की ती जेवत न्हाई. झाडपाल्याचं हाय म्हन. खोटं थोडंच हाय ते."

सुरेखाला सांगायचं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. सुनेला घरातलं आपोआप कळतं असं आम्ही नेहमीच धरून चालतो.

संभाजीनगरच्या डॉक्टरांना मी विचारलं. "मी हे लिहून देणार नाही आणि तुम्हाला अडवणारही नाही," ते म्हणाले. "फायद्याची खात्री नाही. गुंगी वाढू शकते, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागेल. माझ्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत." चिठ्ठी देणाऱ्या वैद्यबाईंशी फोनवर, त्यांचा चेहरा पाहत, बोलणं झालं. त्यांनी रिपोर्ट नीट वाचले, चालू औषधं विचारली, थोड्या थेंबांनी सुरुवात करायला सांगितली. थेंब जिभेखाली धरून ठेवायचे, लगेच गिळायचे नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "आईंना सांगितलंय ना, हे काय आहे ते?"

"हो," मी म्हणाले. आई पलीकडच्या खोलीत होती. मी आवाज खाली आणला, तो तिची झोप मोडू नये म्हणून नव्हे.

पार्सल आमच्या गावात येत नाही. पाटोद्याच्या स्टँडवरच्या एका दुकानात उतरतं. बजरंग जाऊन घेऊन आला. मी स्वयंपाकघरात बाटली उघडली तर ओल्या, उग्र पाल्याचा वास आला. जिभेखाली धरलं तर हा वास आईच्या नाकातोंडात भरणार, हे उघड होतं. मी गूळ किसला, त्यात सुंठ कालवली, छोटा खडा वळला आणि थेंब त्याच्यावर सोडले. सुंठीनं वास झाकला गेला. बाटली घेऊनच मी आईकडं गेले. बाटली दाखवायची, हे ठरलेलंच होतं.

"आई, हे बघ काय लिहिलंय."

आई चौथी शिकलेली. तिनं बाटली लांब धरून, ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"माझं नाव हाय की गं."

"हो ना."

"माझ्या नावाचं औषध काढलं का काय सरकारनं?" ती हसली. त्या महिन्यात तिला मी पहिल्यांदा हसताना पाहत होते. "कशाचं हाय?"

"झाडपाल्याचं. आयुर्वेदिक. कडू आहे म्हणून गुळावर दिलंय."

तिनं खडा तोंडात टाकला. "सुंट लई घातलीस," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. हे लिहिताना मला सावध राहावं लागतं, कारण मला खरंच माहीत नाही. ती दुपारी सलग झोपू लागली. खाटेची पट्टी कमी वेळा धरू लागली. गोळी घ्यायलाही पूर्वीइतकी कटकट करेना, त्यामुळं आराम गोळीचा असेल. तेलाचाही असेल. किंवा नावाचा. तिला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बाटली दाखवायची. "नंदानं आनलंय. माझ्याच नावाचं हाय. माहेरचं नाव हाय हे माझं, इजया."

"मग हे तुमी सांगितलंच न्हाई कधी, वच्छलाबाई!" सुंदरबाई म्हणाल्या.

"कुनी इचारलं?"

"आता काय म्हनायचं तुमाला? वच्छलाबाई का इजयाबाई?"

"औषध देताना इजया म्हना. उसनं मागायला आल्यावर वच्छला."

सुंदरबाई हसून हसून खोकल्या. मी दारात उभी राहून हसले. माझ्या हातात तोच सुंठगुळाचा खडा होता.

ती माहेरच्या गोष्टी सांगू लागली. चकलांब्याची विहीर, बाभळीखालची मेंढरं, लोकर कातरायचे दिवस. हणमाचं नावही घेऊ लागली. पूर्वी ते घेतलं की ताट बाजूला सरकायचं. आता ती सांगायची, हणमा कोकराला खांद्यावर घेऊन कसा यायचा, साखरीला आणि तिला कसा चिडवायचा. मी ऐकायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. आज ती बरी आहे, हसते आहे, आता सांगितलं तर ऐकून घेईल. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आज ती बरी आहे, हसते आहे, आता कशाला सांगायचं.

त्या दिवशी मी पडवीत परीक्षेचे पेपर तपासत होते. औषधाची वेळ झाली होती, दोनतीन पेपर उरले होते. मी आतल्या बाजूला हाक मारली, "सुरेखा, आईचं तेवढं औषध दे गं."

"गूळ संपलाय, ताई."

"मग थांब जरा."

पण ती थांबली नाही. माझं बोलणं तिला ऐकूच आलं नाही, असं ती नंतर म्हणाली. तिनं बाटली हातात घेतली होती आणि त्यावरचं वाचलं होतं. सुरेखा बारावी झालेली आहे. जिभेखाली धरावे, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं. तिनं आईला आ करायला लावला, थेंब सोडले आणि म्हणाली, "आत्याबाई, लगेच गिळू नका बरं. असं लिव्हलंय."

चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणं ते औषध आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा दिलं गेलं.

"नंदे."

आवाज मोठा नव्हता. मी पेपर ठेवून आत गेले. आई उठून बसली होती. तोंड मिटलेलं, नाकपुड्या फुललेल्या. तिनं गिळलं आणि म्हणाली, "ह्यो हणमाचा वास हाय."

"कसला?"

"त्याच्या कोपरीचा. तो गेल्यावर मायनं कोपरी धुतली न्हाई त्याची. आमी वास घ्यायचो." ती माझ्याकडं पाहत होती. "ह्यात काय हाय?"

सुरेखा बाटली हातात धरून उभी होती. मी म्हणाले, "विजया."

"विजया मी हाय. ह्यात काय हाय?"

आयुष्यभर तिनं ते नाव 'इजया' असंच उच्चारलं होतं. त्या वेळी तिनं ते बाटलीवरच्यासारखं स्वच्छ म्हटलं.

"भांगेचा अर्क आहे, आई. पण यानं नशा..."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि जिभेवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. ओरडली नाही, रडली नाही. पदर खाली सोडला आणि म्हणाली, "सुरेखा, पानी दे."

पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी होता.

त्या दिवसापासून तेल बंद झालं. बंद करायला तिनं सांगितलं नाही, मीच बाटली कोनाड्यात गोडेतेलाच्या बरणीमागं सारली. बजरंग दोनदा तिच्याजवळ जाऊन बसला, "मीच म्हनलं व्हतं अक्काला, सांगू नको म्हनून," असं म्हणाला. आई त्याला म्हणाली, "जेवलास का तू?" त्याच्याशी ती बोलत राहिली. माझ्याशीही बोलायची, कामापुरतं. पण मी काहीही पुढं केलं की हात आखडून घ्यायची आणि विचारायची, "ह्यात काय हाय?"

"चहा आहे, आई."

"त्यात काय हाय?"

"चहापत्ती. साखर. दूध."

"आनि?"

"आलं."

मग ती म्हणायची, "ठिव तिथं." चहा निवून त्यावर साय धरायची. थोड्या वेळानं सुरेखा तोच कप उचलून गरम करून आणायची आणि आई तो प्यायची.

सुरुवातीला मला हा राग वाटला. राग निवतो, असं मी स्वतःला सांगितलं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. भातात काय आहे, भाकरीवर काय लावलंय, वेदना कमी व्हायला पाठीला लावायच्या मलमात काय आहे. भेटायला आलेल्या माणसांसमोरही विचारायची. लोकांना वाटायचं, आजारानं आईचं डोकं चालेना झालंय. त्यांच्या समजुतीसाठी मी मान हलवायचे, म्हणजे तेही एक खोटं झालं.

दुखणं वाढलं. तेल चालू असतं तर वाढलं नसतं, असं मी म्हणू शकत नाही. रोग पुढं जात होता, त्याला कुणी रोखलेलं नव्हतं. डॉक्टरांनी मॉर्फिनची मात्रा वाढवली. ती गोळी सुरेखानं दिली तर आई घ्यायची.

"ह्यात काय हाय?" तिनं एकदा सुरेखालाही विचारलं.

"डाक्टरची गोळी हाय, आत्याबाई. दुखन्याची."

"बरं," म्हणून तिनं गिळली.

मी उंबऱ्यात होते. मॉर्फिन अफूपासून येतं हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर मी खरं बोलले असते आणि तिची गोळी गेली असती. मी सांगितलं नाही. ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण ते ठरवणारी पुन्हा मीच होते.

शेवटी शेवटी तिला बोलवेना. ओठ कोरडे पडायचे, म्हणून कापसाच्या बोळ्यानं पाणी सोडावं लागायचं. एका दुपारी सुरेखा मोटार चालू करायला विहिरीवर गेली होती आणि खोलीत मी एकटीच होते. आईनं जीभ ओठांवरून फिरवली. मी बोळा भिजवला, तिच्या तोंडाशी नेला आणि थांबले. ती विचारेल म्हणून थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं.

त्या उघडलेल्या तोंडाचा अर्थ मी किती वेळा लावून पाहिला आहे. तिनं मला माफ केलं, असा लावता येतो. विचारायचं त्राण उरलं नव्हतं, असाही लावता येतो. दुसरा मला जास्त खरा वाटतो. दोन दिवसांनी ती गेली.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. साखरा मावशी मात्र राहिली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. उठताना भिंतीला, मग खुंटीला, मग हाताला लागेल त्याला धरून उठते आणि प्रत्येक वेळी गुडघ्यांना शिव्या घालते. दुपारी मी भांडी लावत होते. मावशी स्वयंपाकघरात आली, गुडघ्याला चोळायला गोडेतेल शोधू लागली आणि बरणीमागून तिनं ती बाटली बाहेर काढली.

"हे कशाचं तेल गं, नंदे? वाच की काय लिव्हलंय. मला कुठं येतंय."

मी हात पुसून बाटली घेतली. तिला अक्षरओळख नाही. वाचेन ते ती खरं धरणार होती.

"विजया," मी वाचलं.

"आँ? आमच्या इजीचं नाव?" तिचा चेहरा उजळला. तो उजेड मला ओळखीचा होता. त्या क्षणी गप्प बसणं फार सोपं होतं. तिची बहीण जाऊन चौदा दिवस झाले होते आणि तिच्या हातात बहिणीच्या नावाचं काहीतरी होतं.

"आईचं नाव नाही ते, मावशी. झाडाचं आहे. भांगेला जुन्या भाषेत विजया म्हणतात. यात भांगेचा अर्क आहे."

"भांगंचा?"

"हो. हनुमान मामा जे ओढायचा, त्याच झाडाचा."

मावशीनं बाटली परत घेतली. मला वाटलं, खाली ठेवेल. तिनं झाकण फिरवलं आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"हणमाच की गं ह्यो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "अश्शीच यायची त्याची कोपरी. तो गेल्यावर मी आनि इजी भांडायचो तिच्यासाठी, आज उशाला कुनी घ्यायची म्हनून. माय वराडायची. इजीच जिंकायची दर टायमाला."

मी भांडं ठेवलं. आमी वास घ्यायचो, असं आई म्हणाली होती. ते मी ऐकलं होतं आणि मला त्यात फक्त माझी चोरी पकडली गेल्याचं ऐकू आलं होतं.

"मग हे काय गुडघ्याला लावत्यात का?"

"तुला चालेल? मामाचं असं झाल्यावर..."

"हणमा गेला त्यो गेला. माझा गुडघा जित्ता हाय."

"लावायचं नाही, पोटात घ्यायचं असतं. आणि ही आईच्या चिठ्ठीची बाटली आहे. तुला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आधी डॉक्टरांना विचारावं लागेल. गुण येतोच असंही नाही."

"मंग इचार. उद्या लाव फोन." तिनं झाकण लावलं. "इजीला आला व्हता का गुन?"

"वाटलं तसं. थोडे दिवस."

"मंग बंद कावून केलं?"

"तिला मी सांगितलं नव्हतं यात काय आहे ते. नाव तेवढं सांगितलं होतं. मग तिला कळलं."

मावशीनं बाटली कोनाड्यात ठेवली. बरणीमागं नाही, पुढं. भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, एक पाय लांब केला, मग दुसरा.

"इचारायचं तिला," ती म्हणाली.

"नाही म्हणाली असती, मावशी."

"म्हनली असती. न्हाईतर हो म्हनली असती." ती गुडघा दाबत राहिली. "तिचं तिला म्हनू द्यायचं व्हतं."

मी उरलेली भांडी लावली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "चहा टाक बाई. डोकं धरलंय."

मी चहा टाकला. उकळी येईपर्यंत पातेल्याकडं पाहत उभी राहिले. कप तिच्या हातात देताना म्हणाले, "आलं घातलंय. साखर कमी आहे. दूध सकाळचं आहे."

मावशीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मी इचारलं का तुला?" ती म्हणाली, आणि चहा बशीत ओतला.